पावडरीच्या आधाराने उभे राहिलेले क्रीम : पिकरिंग इमल्शनविषयी अनुभव आणि प्रश्न

अनुरेणू (धागाकर्ती)

गेल्या पावसाळ्यात आमच्या लहानशा प्रयोगशाळेकडे एक काम आले. ज्यांची त्वचा चटकन लाल होते अशा लोकांसाठी नेहमीचा कोणताही इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे रसायन, न घालता हलके क्रीम बनवून द्यावे, अशी ग्राहकाची अट होती. तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवण्यासाठी आम्ही सिलिका, म्हणजे कापसासारखी हलकी पांढरी पावडर, निवडली. पहिल्या तिन्ही चाचण्या उत्तम गेल्या. क्रीम पांढरेशुभ्र आणि मऊ झाले, बोटावर घेतले की पाण्यासारखे पसरत होते, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून घटक वेगळे करू पाहणाऱ्या यंत्रात, मिनिटाला ३००० फेऱ्यांनी अर्धा तास फिरवूनही तेलाचा थेंब सुटला नाही. चौथ्या चाचणीत आम्ही फक्त सुगंध घातला, आणि तिसऱ्या दिवशी बाटलीच्या तोंडाशी पिवळसर तेलाचे कडे दिसू लागले. आठवडाभरात निम्मे तेल वर आले होते. तपास करता लक्षात आले की पुरवठादाराकडून आलेला सुगंध पाण्यात मिसळावा म्हणून आधीच पॉलिसॉर्बेट २० या नेहमीच्या इमल्सिफायरमध्ये विरघळवलेला होता. म्हणजे जो घटक कटाक्षाने टाळायचा होता, तोच मागच्या दाराने आत आला होता.

त्या तेलाच्या कड्यामुळेच हा धागा काढते आहे, कारण या विषयावर मराठीत फारसे लिहिलेले आढळत नाही आणि ‘इमल्सिफायर-मुक्त’ हा शब्द मात्र आता सगळीकडे दिसतो.

इमल्शनला आपल्याकडे पाठ्यपुस्तकांत ‘पायस’ म्हणतात. तेलाचे बारीक थेंब पाण्यात, किंवा पाण्याचे थेंब तेलात, विखुरलेले राहणे म्हणजे पायस. नेहमीच्या क्रीममध्ये हे थेंब सर्फॅक्टंटचे, म्हणजे नेहमीच्या इमल्सिफायरचे, रेणू सांभाळतात. रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे असते. पिकरिंग इमल्शनमध्ये ते काम घन कण करतात. कण थेंबाच्या पृष्ठभागावर एकमेकांना चिकटून बसतात, त्यांचे चिलखत तयार होते, आणि दोन थेंब एकमेकांवर आदळले तरी एकातले तेल दुसऱ्यातल्या तेलाला भेटत नाही. ही गोष्ट वॉल्टर रॅम्सडेन यांनी १९०३ मध्ये नोंदवली आणि १९०७ मध्ये स्पेन्सर पिकरिंग यांनी तिच्यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. पिकरिंग इंग्लंडमध्ये वोबर्न येथील फळबाग संशोधन केंद्रात काम करत होते आणि त्यांना झाडांवर फवारण्यासाठी खनिज तेलाचे टिकाऊ मिश्रण हवे होते. मोरचूद आणि चुना यांच्या संयोगातून मिळणाऱ्या गाळाने ते तेल धरून ठेवले. नाशिकचे द्राक्षबागायतदार किंवा कोकणातले सुपारीबागायतदार ज्याला बोर्डो मिश्रण म्हणून ओळखतात, त्याच कुळातला हा गाळ आहे. आज चेहऱ्याला लावायच्या क्रीमचे मूळ बागेतल्या फवारणीत आहे, हे मला स्वतःला फार मोलाचे वाटते.

कण थेंबावर का बसतो आणि बसल्यावर का उठत नाही, याचे उत्तर स्पर्शकोनात आहे. तेल, पाणी आणि कण जिथे एकत्र येतात तिथला कोन पाण्याच्या बाजूने मोजला तर तो ९० अंशांहून थोडा कमी असताना कणाचा जास्त भाग पाण्यात बुडतो आणि तेलाचे थेंब पाण्यात राहतात. कोन ९० अंशांहून थोडा जास्त असेल तर उलट घडते आणि पाण्याचे थेंब तेलात राहतात. कोन फार लहान किंवा फार मोठा असेल, तर कण सीमेवर थांबतच नाही, पूर्णपणे पाण्यात किंवा पूर्णपणे तेलात निघून जातो. कणाला सीमेवरून उपटायला लागणारी ऊर्जा त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या, तेल आणि पाणी यांच्यामधल्या ताणाच्या, आणि ‘एक वजा स्पर्शकोनाचा कोसाईन’ या वजाबाकीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १० नॅनोमीटर त्रिज्येचा कण, मीटरला ३० मिलिन्यूटन ताण आणि ९० अंशांचा कोन धरला, तर ही ऊर्जा सामान्य तापमानाला रेणूंच्या औष्णिक ऊर्जेच्या सुमारे २३०० पट येते. सर्फॅक्टंटच्या एकट्या रेणूसाठी ती काही पटच असते, म्हणून तो रेणू सतत ये-जा करतो आणि कण मात्र ठाण मांडून बसतो.

आता माझ्या चौथ्या चाचणीकडे पाहा. पॉलिसॉर्बेटने तो ताण ३० वरून ५ वर आणला आणि सिलिकाच्या पृष्ठभागावर स्वतः चिकटून तिला अधिक पाणीप्रिय केले, म्हणजे कोन ३० अंशांपर्यंत उतरवला, असे समजू या. त्याच सूत्रात हे आकडे घातले की २३०० पटींच्या जागी सुमारे ७ पट येतात. चिलखतातला प्रत्येक कण सुटा झाला. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की या प्रकारच्या क्रीममध्ये पावडरीचे नाव काय आहे यापेक्षा, तिला या तेलात, या पाण्यात, उरलेल्या सगळ्या घटकांच्या संगतीत काय कोन मिळतो, ते विचारावे. पुरवठादाराच्या कागदावर ‘सिलिका’ किंवा ‘झिंक ऑक्साइड’ एवढेच लिहिलेले असेल तर त्याला पुन्हा फोन करून पृष्ठभागावर कोणता लेप दिला आहे, हे विचारल्याशिवाय मी आता माल उचलत नाही.

निरगुडी

अतिशय उपयुक्त लेख. मी व्यावसायिक नाही, घरी नातलगांसाठी साबण आणि मलमे बनवते. तुमच्या लेखाआधी मी नेमके हेच करून पाहिले होते, फक्त त्याला हे नाव आहे हे मला ठाऊक नव्हते. झिंक ऑक्साइड १० ग्रॅम, घाण्यावरचे खोबरेल ४० ग्रॅम आणि गुलाबपाणी ५० ग्रॅम घेऊन हँड ब्लेंडरने पाच मिनिटे घुसळले. आधी दही झाल्यासारखे वाटले, पण दोन तासांत पाणी खाली बसले आणि वर पांढरा लगदा राहिला. पावडर तर भरपूर होती. मग चूक कुठे झाली असेल?

अनुरेणू

निरगुडीताई, तुमच्या प्रयोगात तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या असाव्यात. घाण्यावरच्या तेलात मुक्त स्निग्धाम्ले असतात आणि ती झिंक ऑक्साइडशी संयोग पावून कणांवर जस्ताच्या साबणाचा पातळ थर चढवतात. लेप नसलेली, पाण्याला आपलेसे करणारी पावडर त्यामुळे घुसळता घुसळता तेलाकडे झुकते आणि अर्ध्या वाटेत क्रीमचा प्रकारच बदलू पाहतो. घाणा बदलला, नारळ बदलला, तर आम्लाचे प्रमाण बदलते आणि निकालही बदलतो. दुसरे असे की खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते. सकाळी थंडीत ब्लेंडर चालवला असेल तर थेंब बनण्याऐवजी गुठळ्या बनतात. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कोरडी पावडर तेल आणि पाणी दोन्हींच्या वर एकदम टाकली तर तिचे पुंजके तसेच राहतात, आणि मग दहा ग्रॅमपैकी प्रत्यक्ष थेंबांवर बसायला एखादा ग्रॅमच उरतो. तेलाचे थेंब पाण्यात हवे असतील तर पावडर आधी सगळ्या पाण्यात नीट फोडून, बोटाला कण लागणार नाही इतकी एकजीव करून घ्यावी, आणि मग तेल बारीक धारेने सोडावे.

पुढच्या वेळी क्रीम करण्याआधी एक साधी परीक्षा करा. काचेच्या लहान पारदर्शक बाटलीत निम्मे पाणी आणि निम्मे तेल घ्या, वरून चिमूटभर पावडर सोडा, झाकण लावून दहा-बारा वेळा हलवा आणि उजेडासमोर धरा. पावडर भिजून पाण्याच्या तळाशी गेली तर ती फार पाणीप्रिय आहे. तेलात धुक्यासारखी तरंगत राहिली तर फार तेलप्रिय आहे. दोन्हींच्या सीमेवर पडद्यासारखी अडकली, आणि बाटली तिरकी केली की तो पडदाही सुरकुतत तिरका झाला, तर तुमच्याकडे कामाची पावडर आहे. आमच्याकडे महागडी उपकरणे आल्यानंतरही नवीन मालाची पहिली ओळख मी याच बाटलीत करून घेते.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगते. झिंक ऑक्साइड आहे म्हणून असे घरगुती क्रीम उन्हापासून संरक्षणासाठी वापरू नये. एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा अंक, पावडरीच्या टक्क्यावरून काढता येत नाही. तो प्रमाणित चाचणीनेच मोजावा लागतो, आणि रूढ पद्धतीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर लावून माणसांच्या त्वचेवर मोजतात. कण गुठळ्यांत राहिले तर पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या थरातही ऊन गाळून जाणाऱ्या फटी राहतात.

सह्यकडा

मी युरोपात कोलॉइड विज्ञानात, म्हणजे एका पदार्थात विखुरलेल्या दुसऱ्या पदार्थाच्या बारीक कणांच्या अभ्यासात, काम करतो. धागाकर्तीने दिलेले गणित बरोबर आहे, पण त्यात एक पुस्ती जोडावीशी वाटते. १० नॅनोमीटरचा एकटा गोल कण ही आदर्श कल्पना आहे. सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ ज्योतीत जाळून जी फ्यूम्ड सिलिका बनते, तिचे प्राथमिक कण ज्योतीतच एकमेकांना वितळून जोडले जातात, आणि प्रत्यक्षात थेंबावर बसतो तो शंभर ते तीनशे नॅनोमीटरचा फांद्याफांद्यांचा पुंजका. त्याला उपटायला लागणारी ऊर्जा कितीतरी अधिक असते. म्हणून आधीच बसलेले चिलखत पॉलिसॉर्बेटने ओरबाडून काढले, या स्पष्टीकरणाबाबत मला शंका आहे. तुम्ही सुगंध घातल्यावर मिश्रण पुन्हा जोरात घुसळले होते का? घुसळताना थेंब फुटतात आणि नवा, उघडा पृष्ठभाग तयार होतो. त्या उघड्या पृष्ठभागावर सर्फॅक्टंटचा रेणू क्षणार्धात पोहोचतो आणि जड पुंजका मागे राहतो.

प्रसाधनांच्या इतिहासाविषयी थोडे. सौंदर्यप्रसाधनांत ही कल्पना पद्धतशीरपणे आणण्याचे बरेच श्रेय १९९० च्या दशकाच्या अखेरीस हॅम्बुर्गच्या बायर्सडॉर्फ कंपनीने घेतलेल्या पेटंटांना द्यावे लागेल. टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड हे सनस्क्रीनमध्ये उन्हासाठी असतातच. तेच कण क्रीमही धरून ठेवत असतील तर एकाच घटकाकडून दोन कामे होतात. शिवाय घाम आला की नेहमीच्या सनस्क्रीनमधला सर्फॅक्टंट त्या घामात पुन्हा इमल्शन बनवू पाहतो आणि थर वाहून जातो. तेलात पाणी असलेल्या पिकरिंग क्रीममध्ये तसे करायला कोणी उरत नाही.

त्वचेत औषध किंवा सक्रिय घटक किती जातो, हा वेगळा आणि माझ्या मते अधिक गंभीर प्रश्न आहे. फ्रान्समधील ल्योंच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डुकराच्या त्वचेतून कॅफीन, पाण्याचे थेंब तेलात असलेल्या, सिलिकाने धरलेल्या इमल्शनमधून, नेहमीच्या इमल्शनच्या सुमारे तिप्पट वेगाने गेले. त्याच गटाने रेटिनॉलवर, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या एका रूपावर, केलेल्या प्रयोगात, जिथे तेलाचे थेंब पाण्यात होते, घटक त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात अधिक साठून राहिला आणि खोल कमी गेला. म्हणजे ‘पिकरिंग असेल तर जास्त मुरते’ किंवा ‘कमी मुरते’ असे एकच विधान करता येत नाही. घटक बदलला किंवा आतबाहेरची बाजू बदलली की उत्तर बदलते.

अनुरेणू

तुमची शंका रास्त आहे आणि नोंदवही काढून पाहिल्यावर ती खरी ठरली. सुगंध घातल्यानंतर आमच्या सहकाऱ्याने रोटर-स्टेटर होमोजिनायझर, म्हणजे जोरात घुसळणारे यंत्र, पुन्हा तीन मिनिटे चालवला होता. तुमच्या प्रतिसादानंतर आम्ही मुद्दाम दोन नव्या चाचण्या केल्या. पहिलीत तोच पॉलिसॉर्बेटयुक्त सुगंध शेवटी घालून फक्त काचेच्या कांडीने हलक्या हाताने मिसळला. ती बाटली नऊ दिवस टिकली आणि मग तिच्यातही कडे दिसले. दुसरीत पॉलिसॉर्बेट नसलेला सुगंध सुरुवातीलाच तेलात मिसळला आणि मग घुसळले. ती बाटली आज चौथ्या महिन्यात आहे आणि जशीच्या तशी आहे. सुगंध मुळात तेलातच विरघळणारा असतो, तेव्हा त्याला पाण्यात जायला मदतनीस देण्याची गरजच नव्हती. म्हणजे घुसळण्याने घात लवकर झाला, पण मूळ दोष त्या मदतनिसाचाच होता, असे आता मी म्हणेन.

गणितप्रेमी

मी रसायन अभियंता आहे, पण या क्षेत्रातला नाही. किती पावडर घातली म्हणजे पुरेल, याचा काही हिशोब आधी करता येतो का, की अंदाजानेच चालायचे?

अनुरेणू

हिशोब करता येतो आणि तो फार सुंदर आहे. घुसळताना सुरुवातीला थेंब अगदी बारीक होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग पावडरीला झाकता येणार नाही इतका मोठा असतो. घुसळणे थांबले की अर्धवट झाकलेले थेंब एकमेकांत मिसळत जातात, मोठे होतात, एकूण पृष्ठभाग कमी होतो, आणि ज्या क्षणी उपलब्ध कण सगळा पृष्ठभाग झाकू शकतात त्या क्षणी हे मिसळणे आपोआप थांबते. म्हणून थेंबाचा शेवटचा आकार घुसळण्याच्या जोरापेक्षा पावडरीच्या प्रमाणावर ठरतो.

आता आकडे मांडू. थेंबाचा व्यास हा चार गुणिले झाकलेला अंश, गुणिले कणाची घनता, गुणिले कणाचा व्यास, गुणिले तेलाचे आकारमान, आणि या सगळ्याला भागिले पावडरीचे वजन, असा येतो. २० मिलिलिटर तेल, ०.१ मायक्रॉन व्यासाचे आणि ५.६ घनतेचे झिंक ऑक्साइड, आणि ९० टक्के झाकलेला पृष्ठभाग धरा. १ ग्रॅम पावडरीला ४० मायक्रॉनचे थेंब मिळतील, ४ ग्रॅमला १० मायक्रॉनचे. पण पावडर नीट फुटली नाही आणि कणांऐवजी ०.३ मायक्रॉनचे पुंजके राहिले, तर त्याच ४ ग्रॅममध्ये थेंब ३० मायक्रॉनचे होतील. सूक्ष्मदर्शकात थेंब मोजले आणि ते हिशोबाच्या तिप्पट निघाले, तर मी आधी पावडर फोडण्याच्या पायरीवर संशय घेते.

हे थेंब नेहमीच्या क्रीमच्या थेंबांपेक्षा बरेच मोठे असतात आणि त्यातून एक गैरसमज होतो. ३० मायक्रॉनचा तेलाचा थेंब नुसत्या पाण्यात, घनतेचा फरक ०.१ असताना, तासाला सुमारे १८ सेंटिमीटर वर चढतो. त्यामुळे पातळ पिकरिंग इमल्शनमध्ये काही मिनिटांत वर साय आल्यासारखी दिसते आणि लोक म्हणतात की क्रीम फुटले. ते फुटलेले नसते. बाटली हलवली की साय पुन्हा मिसळते आणि सूक्ष्मदर्शकात थेंब तेवढेच दिसतात. पाणी झँथन गम या दाट करणाऱ्या डिंकाने किंवा चिकणमातीने थोडे दाट केले की थेंब जागच्या जागी राहतात.

मृद्गंध

चिकणमातीचा उल्लेख आला म्हणून विचारते. मुलतानी माती आपण पिढ्यानपिढ्या चेहऱ्याला लावतो. तिने असे क्रीम धरता येईल का? आणि आयुर्वेदातील शतधौत घृत, म्हणजे तांब्याच्या पात्रात पाण्याने शंभर वेळा धुतलेले तूप, जे शेवटी पांढऱ्या मऊ लोण्यासारखे होते आणि ज्यात कोणताही इमल्सिफायर नसतो, ते या प्रकारात मोडते का? माझी आजी भाजल्यावर ते लावत असे, म्हणून या प्रश्नाला माझ्यासाठी वेगळे महत्त्व आहे.

सह्यकडा

मुलतानी माती स्मेक्टाइट गटातल्या चिकणमातींच्या जवळची आहे. बेंटोनाइटही त्याच कुळातले. या मातीचे कण गोल नसतात, पानासारखे चपटे असतात आणि पाण्यात त्यांच्यावर ऋण भार असतो. भारामुळे ती पाने एकमेकांना आणि थेंबालाही दूर लोटतात, त्यामुळे शुद्ध पाण्यात त्यांच्याकडून फारसे काम होत नाही. थोडे मीठ घातले की भार झाकला जातो, पाने सैलसर गुंफतात आणि मग थेंबांवर बसतात. कृत्रिम माती लॅपोनाइटवर, जिची पाने सुमारे २५ ते ३० नॅनोमीटर रुंद आणि केवळ १ नॅनोमीटर जाड असतात, हे २००० साली स्वच्छपणे दाखवले गेले. नैसर्गिक मुलतानी मातीत मात्र वाळू, लोह आणि जंतू यांचे प्रमाण खाणीगणिक बदलते, म्हणून विक्रीच्या उत्पादनात ती तशीच वापरण्याच्या मी विरोधात आहे.

शतधौत घृताचा प्रश्न मला फार आवडला. तुपात स्निग्ध पदार्थाचे घन स्फटिक असतात आणि धुताना पाण्याचे थेंब त्या स्फटिकांच्या जाळ्यात अडकतात. लोण्यातले पाणीही बहुतांशी असेच राहते. काही स्फटिक थेंबाच्या पृष्ठभागावर बसतात, ते पिकरिंगचे काम झाले. उरलेले स्फटिक सभोवती जाळे विणतात, ते नुसते कोंडून ठेवणे झाले. माझ्या मते शतधौत घृतात दुसऱ्या प्रकाराचा वाटा मोठा असावा, आणि याची एक खूण घरीही दिसते. ते थोडे कोमट केले, स्फटिक वितळले, की पाणी लगेच सुटते. सिलिकाने धरलेले क्रीम तेवढ्या उष्णतेने सुटत नाही, कारण सिलिका वितळत नाही. भाजलेल्या जखमेवर मात्र आज डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय काहीही लावू नये, हे नमूद करतो.

काटेकोर

मी प्रसाधनांच्या गुणवत्ता तपासणीत अठरा वर्षे आहे. या धाग्यात परिरक्षकांचा, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हचा, विषय आला नाही म्हणून लिहितो. सर्फॅक्टंट नाही म्हणून जंतू वाढत नाहीत, अशी समजूत मी लहान उत्पादकांकडून अनेकदा ऐकली आहे आणि ती धोकादायक आहे. पाणी आहे तिथे परिरक्षक हवेच. पण ते निवडताना दोन अडचणी येतात. धन भाराची परिरक्षके चिकणमातीला चिकटून बसतात आणि पाण्यात जंतूंसाठी काही उरत नाही. दुसरीकडे, ‘सौम्य’ म्हणून विकली जाणारी काही परिरक्षके, उदाहरणार्थ ग्लिसरिल कॅप्रिलेट, स्वतःच पृष्ठक्रियाशील, म्हणजे सर्फॅक्टंटसारखी, असतात. ती धागाकर्तीच्या पॉलिसॉर्बेटसारखाच घात करू शकतात. म्हणून परिरक्षक घातलेल्या शेवटच्या नमुन्यावरच सगळ्या चाचण्या कराव्यात, आधीच्या नमुन्यावर नव्हे.

एक प्रसंग सांगतो. एका उत्पादकाच्या झिंक ऑक्साइडच्या क्रीमला दाटपणा आणण्यासाठी कार्बोमर घातले होते. पहिल्या दिवशी ते क्रीम चमच्यावर उभे राहत होते. दोन आठवड्यांनी बाटली तिरकी केली तर ते पाण्यासारखे वाहिले. कणांवरून सावकाश सुटणारे जस्ताचे आयन कार्बोमरच्या साखळ्यांना बांधून त्यांचा फुगा बसवतात, आणि दाटपणा गेला की मोठे थेंब वर चढू लागतात. तिथे दोष पिकरिंग पद्धतीचा नव्हता, सोबत्याच्या निवडीचा होता. झँथन गम घातल्यावर तो प्रश्न सुटला. पीएचही पाहावा लागतो. झिंक ऑक्साइड आम्लात विरघळते, म्हणून त्याच्यासोबत फळांच्या आम्लांचे क्रीम करू पाहणे म्हणजे चिलखत स्वतःच्या हाताने वितळवणे आहे.

सेंट्रिफ्यूजविषयी धागाकर्तीशी माझा थोडा मतभेद आहे. या प्रकारात सेंट्रिफ्यूजमध्ये साय दाबून वर येणे हा दोष मानू नये आणि न येणे हा गुणही मानू नये. तेल सुटले का, एवढेच पाहावे. खरा निकाल ४५ अंशांवर तीन महिने ठेवलेल्या नमुन्यातील थेंबांचा व्यास पहिल्या दिवसाच्या व्यासाशी ताडून पाहिल्यावर मिळतो.

लेकुरवाळी

मी केवळ वाचक आहे आणि दोन लहान मुलांची आई आहे. इतके बारीक कण त्वचेतून रक्तात जात नाहीत का?

अनुरेणू

काळजी योग्य आहे. अखंड त्वचेवर झिंक ऑक्साइडचे कण बहुतांशी वरच्या मृत थरातच राहतात, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसते. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जस्ताचा ६८ वस्तुमानांकाचा समस्थानिक वापरून मागोवा घेतला, तेव्हा क्रीममधले जस्त रक्तात आणि लघवीत अत्यल्प प्रमाणात सापडले. ते कणरूपात गेले की विरघळून आयनरूपात, हे त्या पद्धतीने वेगळे करता येत नव्हते. जस्त शरीराला तसेही लागते, पण श्वासावाटे कण फुप्फुसांत जाणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. युरोपीय संघात झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांना सनस्क्रीनमध्ये २५ टक्क्यांची मर्यादा आहे, नॅनो असेल तर वेष्टनावर तसे लिहावे लागते, आणि फुप्फुसांत जाऊ शकेल अशा फवाऱ्यात नॅनो झिंक ऑक्साइड चालत नाही. मुलांसाठी फवारा न घेता हाताने लावायचे क्रीम घ्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे. कोरडी सिलिका तोलतानाही आम्ही तोंडाला मास्क लावतो. इथल्या हौशी मंडळींनीही लावावा.

कोवळी पालवी

मी एमएस्सीची विद्यार्थिनी आहे आणि राजगिऱ्याच्या स्टार्चवर प्रकल्प करते आहे. बटाट्याच्या स्टार्चचे कण शंभर मायक्रॉनपर्यंत जातात, तांदळाचे तीन ते आठ मायक्रॉन असतात, आणि राजगिऱ्याचे जेमतेम एक-दीड मायक्रॉन. लहान कण थेंबावर चांगले बसतात, म्हणून उपवासाचा राजगिरा क्रीमसाठी वापरून पाहावा, असे मार्गदर्शकांनी सुचवले. साधा स्टार्च फार पाणीप्रिय असल्याने त्यावर त्याला तेलाकडे झुकवणाऱ्या ऑक्टेनिल सक्सिनिक अॅनहायड्राइड या रसायनाची ३ टक्क्यांची प्रक्रिया केली. अनुरेणूताईंची बाटलीची परीक्षा दोन्ही नमुन्यांवर करून पाहिली. साधा स्टार्च सरळ तळाशी बसला, प्रक्रिया केलेला सीमेवर अडकला आणि बाटली तिरकी केल्यावर पडदा खरोखरच सुरकुतला.

मग १० मिलिलिटर तेलाला २ ग्रॅम स्टार्च घेऊन इमल्शन केले. वरच्या सूत्राप्रमाणे, कणाचा व्यास १.२ मायक्रॉन आणि घनता १.५ धरून, थेंब ३२ मायक्रॉनचे यायला हवे होते. सूक्ष्मदर्शकात सरासरी ४१ मायक्रॉन आले. आयोडीनचा थेंब बाजूने सोडला तेव्हा प्रत्येक तेलाच्या थेंबाभोवती तांबूस-जांभळी कडा उमटली, आणि भिंगातून एकेक कण दाण्यांच्या माळेसारखा शेजारी शेजारी बसलेला दिसला. इतके दिवस कागदावर वाचलेले चिलखत मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिले.

आता माझा प्रश्न असा आहे की स्वीडनमधील लुंड विद्यापीठात क्विनोआच्या स्टार्चवर झालेल्या कामाप्रमाणे हे इमल्शन हलके गरम करून कण थोडे फुगवले, तर ते एकमेकांत मिसळून थेंबाभोवती सलग कवच होते. प्रसाधनात असे करावे का, की त्वचेवर ते खरखरीत लागेल?

अनुरेणू

पालवी, फार छान काम आहे. ४१ आणि ३२ मधला फरक पाहता स्टार्चचा काही भाग थेंबांवर न बसता पाण्यातच राहिला असावा. खालचे पाणी गाळून, वाळवून त्यातला स्टार्च तोलून पाहा. गरम करण्याविषयी सांगायचे तर दोन बाटल्या कर, एक तशीच ठेव आणि दुसरी ७० अंशांच्या पाण्यात काही मिनिटे धरून लगेच गार कर, आणि दोन्ही हाताच्या पाठीवर चोळून पाहा. मोकळे कण त्वचेवर पावडरीसारखे कोरडे सरकतात, फुगलेले कण किंचित पिठूळ पण मऊ लागतात, असा माझा मक्याच्या स्टार्चचा अनुभव आहे. स्टार्च हे जंतूंचे अन्नही आहे, म्हणून काटेकोर यांनी परिरक्षकांविषयी लिहिलेले पुन्हा एकदा वाच.

कोवळी पालवी

सांगितल्याप्रमाणे केले. खालच्या पाण्यात ०.४ ग्रॅम स्टार्च निघाला. म्हणजे थेंबांवर १.६ ग्रॅमच होता, आणि तो आकडा सूत्रात घातला की ४० मायक्रॉन येतात. गरम केलेली बाटली आणि तशीच ठेवलेली बाटली या दोन्ही आता ४५ अंशांच्या कपाटात आहेत. काल पाचवा आठवडा पूर्ण झाला. तशीच ठेवलेलीत थेंब ४१ वरून ४४ मायक्रॉनवर गेले आहेत, गरम केलेलीत ते ४१ वरच आहेत, पण तळाशी बोटभर पाणी स्वच्छ दिसू लागले आहे. आता झँथन गम ०.२ टक्के घालून तिसरी बाटली लावली आहे. तिचे छायाचित्र आठव्या आठवड्यात इथेच टाकेन.